हेरिटेज दर्जा असलेल्या घराचं आतलं काम : कुठून सुरू करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

जुनं घर ताब्यात आलं की पहिला आठवडा सगळ्यांचा सारखाच जातो, टाइल कुठली बसवायची, किचन कुठं न्यायचं, ही मधली भिंत पाडली तर हॉल मोठा होईल का वगैरे. आणि मग कुणीतरी सांगतं की अहो घर संरक्षित यादीत आहे, तुम्हाला साधा खिळासुद्धा ठोकता येणार नाही. तसं काही नसतं. चांगलं बाथरूम, नवीन वायरिंग, कोरड्या भिंती, सगळं करता येतं, फक्त कामाचा क्रम नेहमीच्या फ्लॅटसारखा नसतो, आणि तो चुकला की पैसे तर जातातच पण घरातली अशी एखादी वस्तू जाते जी परत आणता येत नाही. मी एका अशा घराचं काम पूर्ण करून घेतलंय, दोन-तीन चुका चांगल्याच महागात पडल्यात, त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

संरक्षण नक्की कशाला आहे?

हे आधी कागदावर बघा. काही ठिकाणी फक्त बाहेरचा दर्शनी भाग संरक्षित असतो, काही ठिकाणी आतला जिना, छत, दारं-खिडक्या, अगदी खोल्यांची मूळ मांडणीसुद्धा. कायदे प्रत्येक देशात वेगळे, ग्रेड वेगळे, त्यामुळे ओळखीच्या कुणाला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं धरू नका. यादीतली आपल्या घराची नोंद मागवून घ्या. आणि नोंदीत जिन्याचा उल्लेख नाही म्हणजे जिना सुटला असं समजू नका, बऱ्याच कायद्यांत आख्खी इमारत संरक्षित असते आणि नोंदीतलं वर्णन फक्त इमारत ओळखता यावी एवढ्यापुरतं असतं.

मग संबंधित ऑफिसरला भेटा, आणि ही भेट ड्रॉइंग काढायच्या आधी घ्या, नंतर नाही. तयार प्लॅन घेऊन गेलात की समोरच्याकडे हो किंवा नाही एवढेच दोन पर्याय उरतात, नुसते प्रश्न घेऊन गेलात तर ते स्वतःच वाट सुचवतात. विचारायचं एवढंच की दुरुस्ती कशाला म्हणता आणि बदल कशाला म्हणता. साधारणपणे तेच मटेरियल, तीच पद्धत, तोच आकार ठेवून केलेली दुरुस्ती सोपी जाते, कधीकधी परमिशन लागतही नाही, पण "लागत नाही" हेसुद्धा लेखी घ्या. तोंडी होकाराला काही किंमत नसते. परवानगीशिवाय केलेलं काम स्वतःच्या खर्चाने पूर्ववत करायला लावतात, काही देशांत तो सरळ गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम नवीन मालकाच्या गळ्यात येऊ शकतं, म्हणून घर घेतानाच मागच्या परवानग्यांची फाइल मागा.

हे ऑफिसर लोक कुठल्या विचाराने बघतात ते कळलं ना, की अर्ज लिहिणं निम्मं सोपं होतं. जगभर या कामाचा पाया म्हणजे १९६४ चं व्हेनिस चार्टर, म्हणजे जुन्या वास्तू कशा जपायच्या याची आंतरराष्ट्रीय सनद. त्यात दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत, एक म्हणजे जिथं अंदाज सुरू होतो तिथं पुनर्बांधणी थांबवायची, आणि दुसरी, गेलेल्या भागाच्या जागी जे नवीन बसवाल ते एकूण रूपात मिसळलं पाहिजे पण नीट बघणाऱ्याला जुन्यापासून वेगळं ओळखूही आलं पाहिजे. पुढे १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात बुर्रा चार्टर झालं, त्याचा सूर असा की गरज आहे तेवढं जरूर करा, पण कमीत कमी करा. म्हणजे तुमच्या अर्जात प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: हे का करायचंय, मूळचं किती जाणार, आणि उद्या कुणाला हे काढून पहिल्यासारखं करायचं असेल तर ते होईल का. भिंत पाडण्याऐवजी त्यात दार काढणं, दार काढण्याऐवजी असलेलंच दार वापरणं, असं उतरत्या क्रमाने विचार करत जा.

हातोड्याच्या आधी कॅमेरा आणि टॉर्च

प्रत्येक खोलीचे चारी भिंती, छत आणि जमीन असे फोटो काढा, शेजारी टेप धरून. मग रात्री सगळे दिवे बंद करून टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून तिरपा धरा. दिवसा सपाट दिसणारी भिंत अशी उजेडात आली की सगळं बोलायला लागते, बुजवलेलं दार, फुगलेला गिलावा, कुठं थापी फिरलीय आणि कुठं नंतर पॅच मारलाय, सगळं सावल्यांमधून दिसतं. मग बोटाच्या पेराने भिंत वाजवत जा, भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक दहा मिनिटांत कानाला कळायला लागतो, पोकळ जागा खडूने मार्क करा.

भेगा दिसल्या की घाबरून लगेच बुजवू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करा, दोन खुणांमधलं अंतर आणि तारीख तिथंच लिहा, आणि सगळे ऋतू जाईपर्यंत मधूनमधून मोजत राहा. शंभर वर्षांपूर्वी पडून शांत झालेली भेग आणि आजही चालू असलेली भेग दिसायला सारखीच असतात, उपचार मात्र अगदी वेगळे. चालू भेग असेल तर जुन्या बांधकामाची सवय असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, फक्त नवीन काँक्रीट केलेला नको, कारण त्याला तुळई थोडी वाकलेली दिसली की तो स्टील घाला म्हणतो आणि ती तुळई कदाचित पिढ्यानपिढ्या तशीच वाकून निवांत उभी असते.

रंगाचं पण असंच. दाराच्या चौकटीवर किंवा भिंतीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात दोन बोटं रुंदीचा एक छोटा चौकोन सर्जिकल ब्लेडने थरावर थर उघडत करा, प्रत्येक थर थोडा थोडा पायरीसारखा सोडत. आमच्याकडे वरचा क्रीम कलर, खाली पिस्ता, खाली राखाडी, त्याखाली तपकिरी, आणि सगळ्यात तळाशी, चुन्याच्या थरावर, फिकट निळ्या रंगात एक बारीक पट्टी आली, स्टेन्सिलने काढलेली, पानांची रांग. त्या दिवशी पेंटरने इलेक्ट्रिक सँडर गाडीतून उतरवून ठेवला होता, अर्ध्या तासात ती भिंत साफ झाली असती. ती पट्टी आम्ही उघडी केली नाही, जागा नोंदवून वर परत सहज निघेल असा साधा रंग दिला, ती तिथं सुरक्षित आहे.

आधी ओल, मग बाकी सगळं

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल पण हे ठेवा. आतलं काम बाहेरून सुरू होतं. छप्पर, पन्हाळी, पावसाच्या पाण्याचे पाइप, भिंतीलगत चढलेली माती, फुटलेलं ड्रेनेज, हे नीट झाल्याशिवाय आत एक पैसा घालू नका. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा वर आली असेल तर ती खाली उतरवणं हा ओलीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

जुन्या भिंती आणि नवीन भिंती पाण्याशी वेगळ्या वागतात. नवीन भिंत पाणी आत येऊच देत नाही. जुनी भिंत, म्हणजे मऊ वीट किंवा दगड आणि चुना, पाणी थोडं आत घेते आणि ऊन-वारा मिळाला की सोडून देते. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, पण ते घराघरांत पोचायला बराच काळ गेला, त्यामुळे जुनी घरं बहुतेक चुन्यातलीच. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट लावला की पाणी आत अडकतं, क्षार घेऊन वर वर सरकतं, आणि जिथं वाट मिळेल तिथून बाहेर पडताना क्षारांचे खडे करतं, हेच खडे विटेचा भुगा करतात. लोणा लागला म्हणतो तो हाच.

माझी पहिली मोठी चूक इथंच झाली. एका खोलीच्या भिंतीला खाली ओलीचा पट्टा होता, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला वॉटरप्रूफ केमिकल घातलेलं सिमेंट लावू, कायमचं जाईल. मी हो म्हणालो. दोन महिने भिंत सुंदर दिसली. मग ओल त्या नवीन गिलाव्याच्या वरच्या काठावर आली, म्हणजे आधी गुडघ्याइतकी होती ती आता कमरेच्या वर, आणि खिडकीच्या लाकडी चौकटीचं खालचं टोक काळं पडायला लागलं. ते सिमेंट काढताना विटांचे पापुद्रे सोबत निघाले. खरं कारण बाहेर होतं, पन्हाळीचा एक सांधा सुटलेला, पाणी नेमकं त्याच कोपऱ्यात पडत होतं. सांधा बसवायला एक सकाळ लागली, भिंत वाळायला वर्ष.

भिंत वाळायला वेळ द्यावाच लागतो, हीटर लावून घाई केली तर क्षार आणखी वर येतात आणि लाकूड तडकतं. खिडक्या उघड्या ठेवा. ओलावा मोजायचं मीटर लाकडासाठी उत्तम, लाकडात साधारण २० टक्क्यांच्या खाली ओलावा राहिला तर बुरशी वाढत नाही, पण तेच मीटर क्षार असलेल्या गिलाव्यावर लावलं तर कोरड्या भिंतीलाही ओली म्हणून दाखवतं, त्या आकड्यावर कुणी इंजेक्शन ट्रीटमेंट, म्हणजे भिंतीत भोकं पाडून केमिकल भरायचं काम, विकायला आला तर थांबा.

विषारी गोष्टी आणि आग

जुन्या रंगात शिसं असणारच असं धरून चाला, टेस्ट निगेटिव्ह येईपर्यंत. कोरडं घासणं नाही, ब्लोटॉर्च तर अजिबात नाही. ओलं करून घासा, हीट गन वापरली तर तापमान ५९० अंश सेल्सियसच्या बरंच खाली ठेवा कारण फार तापलं की शिशाची वाफ होते, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम आणि बारीक धूळ अडवणारा मास्क वापरा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या काळात घरात नकोच. जुना गडद हिरवा वॉलपेपर निघाला तर त्यात आर्सेनिक असू शकतं, १९व्या शतकात हा हिरवा रंग भरपूर वापरला गेला, तो खरवडू नका. पाइपांवरचं जुनं आवरण, जुन्या फ्लोअर टाइल, शीट, यात ॲस्बेस्टॉसची शंका आली की हात लावायच्या आधी लॅबला नमुना.

आग हा वेगळाच विषय. संरक्षित इमारती जळतात त्या बऱ्याचदा काम चालू असतानाच. इंग्लंडमधलं अपार्क हे घर १९८९ मध्ये छपरावरच्या शिशाच्या पत्र्याचं काम करणाऱ्यांच्या ब्लोटॉर्चमुळे पेटलं, ते पण काम संपत आलेलं असताना. पॅरिसच्या नोत्र-दामला १५ एप्रिल २०१९ ला आग लागली तेव्हाही दुरुस्ती चालू होती. म्हणून वेल्डिंग, टॉर्च, ग्राइंडर हे शक्यतो घराबाहेर, आत करावंच लागलं तर शेजारी एक्स्टिंग्विशर घेतलेला माणूस उभा, आणि काम थांबल्यावर किमान एक तास कुणीतरी तिथंच थांबायचं, कारण फळ्यांच्या मागे पडलेली ठिणगी आधी नुसती धुमसत राहते. आणि जवसाच्या तेलात भिजलेली फडकी! ती चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेतात, खरंच, तेल सुकताना गरम होतं आणि घडीत उष्णता साठत जाते. फडकं सपाट पसरून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. विमा कंपनीलाही काम सुरू होण्याआधी कळवा, नेहमीच्या पॉलिसीत रिनोव्हेशन चालू असतानाचं नुकसान धरलेलं नसू शकतं.

वायरिंग, पाइप आणि जमीन एकाच वेळी

जमिनीच्या लाकडी फळ्या एकदाच उचला. वायरिंगसाठी एकदा, प्लंबिंगसाठी परत, असं झालं की दुसऱ्या वेळी फळीच्या कडा तुटतातच. उचलण्याआधी प्रत्येक फळीला मागून नंबर, खोलीचा नकाशा, त्यावर तेच नंबर. पहारीने उचकटू नका, खिळ्याभोवती पातळ पट्टी सरकवून हळूहळू. निघालेले खिळे, कड्या, बिजागऱ्या वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर खोलीचं नाव.

कापडी किंवा रबरी आवरणाची जुनी वायर असेल तर पूर्ण बदला, ते रबर हात लावला की भुगा होतं. नवीन वायर जुन्याच मार्गाने, म्हणजे जुन्या पाइपमधून, फळ्यांखालून, बंद पडलेल्या चिमणीतून न्या, गिलाव्यात नवीन चर कमीत कमी पाडा. ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, घाला, लाकडाच्या घरात तर हवंच. फळ्यांखालच्या कड्यांना, म्हणजे फळ्यांचं वजन घेणाऱ्या आडव्या लाकडांना, समांतर वायर नेली तर काहीच कापावं लागत नाही. आडवी न्यायचीच असेल तर इंजिनिअरला विचारून भोक कडीच्या उंचीच्या बरोबर मध्यावर पाडा, कारण वजन आलं की कडीची खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते आणि मधल्या भागावर ताण सगळ्यात कमी असतो. खालच्या बाजूला खाच मारणारा प्लंबर दिसला की त्याला त्याच क्षणी थांबवा.

आमच्याकडे फळ्या उचलल्या तेव्हा कड्यांच्या सांध्यांवर पटाशीने मारलेल्या खुणा दिसल्या, उभ्या रेघा, एक, दोन, तीन, आणि जोडीच्या तुकड्यावर तेवढ्याच. सुतारांनी कड्या खाली जमिनीवर जुळवून, खुणा करून मग वर चढवल्या होत्या. अशा खुणा दिसल्या तर फोटो काढा आणि तिथं रंधा मारू देऊ नका.

लाकडी जमिनीवर ड्रम सँडर, म्हणजे फिरत्या घासकागदाचं मोठं मशीन, फिरवायचा मोह होतो. नको. एका फेऱ्यात वरची सगळी झीज, सगळा मुरलेला रंग निघून जातो आणि फळी पातळ होते. साबण-पाणी कमीत कमी घेऊन पुसणं, हाताने स्क्रेपर, मग मेण किंवा तेल. पॉलियुरेथेनचं प्लास्टिकसारखं पॉलिश चकचकीत दिसतं पण खरवडल्यावर तेवढीच जागा दुरुस्त करता येत नाही, मेणाला येते.

गिलावा

सुटलाय तेवढाच काढा. सगळा काढून नवीन करू म्हणणारा गवंडी स्वतःचं काम सोपं करत असतो. छताचा जुना नक्षीकाम असलेला गिलावा पोकळ वाजत असेल तरी तो मागून किंवा बारीक भोकातून चिकटवून धरता येतो, पण ते तज्ज्ञाचंच काम.

भिंतीवर काय आहे ते ओळखायला खिळ्याने ओरखडा काढा, चुन्यात सहज जातो, सिमेंटवर घसरतो. व्हिनेगरचा थेंब टाकला तर चुना फसफसतो, जिप्सम शांत राहतं. नवीन मिश्रण शक्यतो जुन्याइतकं किंवा जुन्यापेक्षा मऊ, जास्त कडक कधीच नाही, कारण कडक पॅच मऊ भिंतीला ओढून फाडतो. भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि धारदार कणांची धुतलेली वाळू अडीच ते तीन भाग, खालच्या थरांत थोडे केस किंवा ताग. तयार हायड्रॉलिक चुना (पाण्यामुळेही घट्ट होणारा) घेणार असाल तर पोत्यावर २, ३.५ किंवा ५ असा ताकदीचा आकडा असतो, आतल्या मऊ भिंतीला २ बरा, गवंडी ५ मागेल कारण तो लवकर धरतो.

भिंत आधी चांगली ओली करा. थर साधारण १० मिलिमीटरचा, जास्त नाही, पहिला थर थोडा घट्ट झाला की खरवडून खाचा पाडा, मग दुसरा. आणि इथंच सगळे चुकतात: चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी थोडा ओलावा लागतो. पंखा लावून वाळवला तर भुगा होतो. ओलं पोतं टांगा, दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारा, थंडीत ५ अंशांच्या खाली काम नको. दोन थरांमध्ये आठवडा-दीड आठवडा जाऊ द्या. अंगठ्याचं नख दाबून बघा, खूण उठली पण बोट आत गेलं नाही तर पुढचा थर घ्या. कळीचा चुना साइटवर भिजवत असाल तर पाणी उकळतं, गॉगल आणि हातमोजे लागतातच, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

वर रंग पण वाफ बाहेर सोडणारा हवा, चुना किंवा सिलिकेट पेंट. ओल्या बोटाला रंग लागत असेल तर जुना डिस्टेंपर आहे, तो धुऊन काढल्याशिवाय वर काहीही टिकणार नाही.

दारं, खिडक्या, काचा

खिडकी बदलायची वेळ फार क्वचित येते. सडतं ते बहुतेक खालचं टोक. तेवढा तुकडा कापून त्याच जातीचं, त्याच रेषांचं लाकूड सांधून बसवता येतं. काच लाटांसारखी दिसत असेल तर ती जपा, फ्लोट पद्धतीची सपाट काच १९५० च्या दशकाच्या शेवटी आली, त्याआधीच्या हाताने केलेल्या काचेला ती लाट असते आणि तिच्यातून दिसणारा उजेडच वेगळा. (जुनी काच हळूहळू खाली ओघळते म्हणून तळाशी जाड होते हे खरं नाही, ती बनतानाच असमान असायची.) थंडी किंवा आवाज अडवायचा असेल तर मूळ खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी काच लावा, थंडीसाठी साधारण २० मिलिमीटर अंतर पुरतं, आवाजासाठी १०० किंवा जास्त. ती उद्या काढली तर चार स्क्रूची भोकं राहतील, बस.

भिंतीला आतून इन्सुलेशन लावायचं असेल तर फार विचार करून. आतल्या गरम हवेतली वाफ थंड भिंतीपर्यंत पोचून तिथं पाणी होते आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोकं सडतात. आधी छप्पर आणि फटी, त्यातच पुष्कळ फरक पडतो.

किचन, बाथरूम

ही दोन्ही घरात ठेवलेल्या कपाटासारखी समजा, भिंतीत कोरून बसवू नका. बाथरूम नक्षीदार छताच्या वर नको, आहे तिथल्या ड्रेनेजच्या जवळ ठेवा म्हणजे जमीन कमी फोडावी लागते. टबमध्ये २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर माणूस, ते जमिनीला झेपतं का हे विचारून घ्या. टाइल थेट जुन्या भिंतीवर न चिकटवता पुढे स्वतंत्र फ्रेम करून त्यावर लावा, मागे हवा खेळती ठेवा. एक्झॉस्ट फॅन जुन्या चिमणीतून किंवा छपरातून काढता आला तर भिंतीला भोक पाडावं लागत नाही. पाणी बंद करायचा कॉक हाताशी हवा.

काम संपलं की सगळे फोटो, ड्रॉइंग, परवानग्या, चुन्याचं प्रमाण, रंगाचे शेड नंबर, वायर कुठून गेलीय त्याचा नकाशा, हे सगळं एका फाइलमध्ये, एक प्रत घरात आणि एक ऑफिसरकडे. गाळलेली वाळू एक पिशवीभर बाजूला ठेवा, पुढच्या पॅचला रंग जुळतो. आणि नवीन बसवलेल्या प्रत्येक लाकडाच्या तुकड्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने वर्ष लिहा. आमच्या सुताराने प्रत्येक फळी खाली बसवण्याआधी उलटी केली, वर्ष लिहिलं, आणि जुन्या कडीवरच्या खुणेशेजारी तेवढ्याच रेघा मारल्या, मगच खिळा ठोकला.